शेपटी एक, शिक्षा दोन

लेस्टर, ऑक्टोबर २००९
(वार शनिवार सोडून कुठलाही समजावा)

ति. हरीशदादांना शशिकांतचा साष्टांग नमस्कार.

साष्टांग म्हणतो खरा, पण आठ अंगांपैकी कंबर आणि डावा गुडघा सध्या सरकारी कामावर असल्यामुळे उरलेल्या सहा अंगांनी केलेला गोड मानून घ्यावा. (सरकारी काम कसलं, ते पुढे येईलच. पत्र उभ्याने वाचू नये.) नंदावहिनींचा दमा कसा आहे? तुमच्या नव्या गुडघ्याची मजल कुठवर गेली? न्यू जर्सीत बर्फ पडायच्या आत तो भरपूर वापरून घ्या. यंत्र असो की गुडघा, गॅरंटीत असतानाच दामटून चालवावा, हे मी होजियरीच्या यंत्रांत उभी हयात काढलेला माणूस म्हणून सांगतो. वहिनींनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. ते मंजिरीने फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आहे, आणि जरा काढून दे असं तिला म्हणण्यात सध्या अर्थ नाही, म्हणून चवीबद्दलचं मत राखून ठेवतो.

एकविसाव्या शतकात हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि फोनशेजारच्या खुर्चीत तुमची बहीण असते. तुम्ही दर रविवारी फोन करता, शेवटी ‘शशिकांतरावांना दे जरा’ म्हणता, आणि ती ‘ते बागेत आहेत’ असं सांगते. दादा, गेल्या तीन महिन्यांत मी एकाही रविवारी बागेत नव्हतो. मी समोरच्या सोफ्यावर होतो, हातात पेपर आणि चेहऱ्यावर शक्य तितके बागेत असल्याचे भाव. ई-मेल करावा, तर पासवर्ड तिच्याकडे. तो विचारायचा तर तिच्याशी बोलायला हवं. म्हणजे मी बोलतोच, पण पलीकडून काही परत येत नाही. थोडक्यात, मंजिरीने माझ्याशी अबोला धरला आहे. जुलैत धरला. गणपती आले आणि गेले, गौरी जेवल्या, नवरात्र बसलं आणि उठलं. आरत्या आम्ही दोघांनी एका सुरात म्हटल्या (देवाशी ती बोलते), पण मला उद्देशून एक अक्षर नाही. भाजीत मीठ जास्त झालं असं मी मुद्दाम खोटं सांगून बघितलं. त्याचाही उपयोग झाला नाही, उलट दुसऱ्या दिवशी मीठच पडलं नाही.

आता वाईट बातमी. (अबोला ही प्रस्तावना होती.) राणीसरकारच्या नावाने चालणाऱ्या कोर्टात तुमचा मेहुणा रीतसर गुन्हेगार ठरला आहे. तुम्ही आयुष्यभर न्यू जर्सीत गुन्हेगारांच्या शिक्षा कमी करून देण्याची वकिली केलीत, तेव्हा घरात एखादा असायलाच हवा होता असं म्हणू या.

गुन्हा काय, तर देवपूजा. मिरजेला आमचे अप्पा भल्या सकाळी एका हातात आकडी आणि दुसऱ्या हातात परडी घेऊन निघत आणि आळीतल्या प्रत्येक कंपाउंडातली फुलं आपल्याच परसात आल्यासारखी काढत. स्वतःच्या दारात त्यांनी एका तुळशीपलीकडे काही लावलं नाही, कारण गरजच पडली नाही. कायदा साधा होता. झाड मालकाचं, पण भिंतीबाहेर आलेली फांदी देवाची. भिंतीच्या आतल्या फांदीचं काय, तर तिला आकडी लावून ओढली की तीही बाहेर येते. आतून घरमालक ओरडायचा, अप्पा बाहेरून ‘देवाला हो!’ म्हणायचे, तो आणखी ओरडायचा, आणि मग दोघं आपापल्या पूजेला बसायचे. त्या घरमालकाच्या देव्हाऱ्यातला अनंत तरी कुठला, तर त्याच्या पलीकडच्या घरातला. अशी आळीभर फुलं फिरत राहायची आणि कुणाच्याच देवाला कमी पडायची नाहीत. ह्याला चोरी म्हणतात हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तेही इंग्रजीतून, कळलं.

मी निवृत्त झालो तेव्हा मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यासाठी मंजिरीने पूजा माझ्याकडे सोपवली. इथे सुपरमार्केटात फुलं मिळतात. केनियाहून विमानाने आलेली, प्लास्टिकात गुंडाळलेली, आणि वास नावाला नाही. ती देवाला वाहताना मलाच ओशाळायला व्हायचं. म्हणून कोट अडकवायचा तारेचा हँगर वाकवून काठीच्या टोकाला बांधला, जुनी परडी काढली आणि अप्पांचा वारसा पुढे चालवायला घेतला. मंजिरीचा समज असा की मी रोज बेलग्रेव्ह रोडपर्यंत चालत जाऊन फुलं विकत आणतो. हा समज मी करून दिला नव्हता, फक्त झालेला मोडला नव्हता. (वकिलाला हा फरक कळेल.) आणि दादा, गंमत म्हणजे इथे कुणी ओरडतच नाही! समोरच्या मिसेस हॉकिन्स मला खिडकीतून बघायच्या, हात हलवायच्या, ‘लव्हली मॉर्निंग’ म्हणायच्या, आणि त्या वेळी माझी आकडी त्यांच्याच डेलियाच्या गळ्यात असायची. मिरजेच्या हिशेबाने ही लेखी परवानगी झाली. इंग्रज माणूस संतापला की जास्त गोड हसतो आणि आत जाऊन कौन्सिलला फोन करतो, हे इतकी वर्षं इथे काढल्यावर मला कळायला हवं होतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक भलामोठा राउंडअबाउट (तुमच्याकडचं ट्रॅफिक सर्कल) आहे आणि त्याच्या मधोमध मातीचा उतार. जूनमध्ये एका सकाळी बघतो तर त्या उतारावर झेंडू. दादा, झेंडू! टपोरा, नारिंगी, देवाने स्वतः मागवल्यासारखा. मला अगदी भरून आलं. कंपाउंड नाही, भिंत नाही, मालक नाही, त्यामुळे फांदी आत की बाहेर हा वादच नाही. मी रोज जाऊ लागलो. ओरबाडलं नाही बरं का, एका कडेने शिस्तीत खुडत गेलो, आज संपेल तिथून उद्या सुरू.

मला जे दिसलं नाही ते आता सांगतो. तो नुसता झेंडू नव्हता, तो कोल्हा होता. कोल्हा हे लेस्टरचं लाडकं जनावर, इथल्या फुटबॉलवाल्यांच्या शर्टावरसुद्धा तोच. आमच्या भागातल्या हौशी बागवाल्यांच्या एका गटाने फुलांच्या स्पर्धेसाठी त्या उतारावर फुलांचा कोल्हा काढला होता. अंग लाल बिगोनियाचं, छाती पांढऱ्या फुलांची आणि शेपटी झेंडूची. हा कोल्हा दिसायचा फक्त डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावरून. मी पायी हिंडणारा माणूस, मला खालून कोल्हा कसा दिसणार? परीक्षकांना मात्र मुद्दाम बसमध्ये वरती बसवून आणलं. त्यांना बिनशेपटीचं काहीतरी दिसलं आणि त्यांच्यातल्या एकाने म्हणे ‘अस्वल सुरेख जमलंय’ असा शेरा दिला.

आणि ही शेपटी लावली होती कोणी? मे महिन्याच्या चिखलात गुडघे टेकून, एकेक रोप, स्वतःच्या हाताने? तुमच्या बहिणीने.

मंजिरी त्या गटात आहे हे मला ठाऊक होतं. म्हणजे, ती मंगळवारी बुटांना चिखल घेऊन घरी येते इतपत ठाऊक होतं. जेवताना ती रोज त्या कोल्ह्याचं काहीतरी सांगायची. आज टोक गेलं, आज अर्धी शेपटी गेली. आणि मी पेपरातून मान वर न काढता ‘हरामखोर लेकाचे’ म्हणायचो. एकदा तर असल्या चोराचे हात तोडायला हवेत असंही बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातला झेंडू बघून तीच मला म्हणाली, हल्ली किती ताजी फुलं मिळतात हो तुम्हाला! आणि त्याच फुलांसमोर हात जोडून, चोर सापडू दे, असं तिने गणपतीला साकडं घातलं. आमच्या घरातलं दुसरं कुठलंही काम ह्या देवाने इतक्या तातडीने केलेलं मला आठवत नाही.

कौन्सिलच्या मागे लागून राउंडअबाउटवर कॅमेरा बसवून घेतला तोही मंजिरीनेच. मग चर्चच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं मांडून गटातल्या सगळ्यांना फिल्म दाखवली, चोराला कुणी ओळखतंय का बघायला. पडद्यावर एक आकृती. एका हातात हँगरची आकडी, दुसऱ्या हातात परडी, आणि ऐन जुलैत डोक्याला माकडटोपी. (दादा, इथला जुलै तुम्हाला माहीत आहे.) तोंड कुठेच दिसत नव्हतं. आलेला पोलीससुद्धा म्हणाला, ह्यात ओळखण्यासारखं काही नाही. तेव्हा मंजिरी उभी राहिली आणि म्हणाली, “दॅट कॅप. आय निटेड इट.” मग माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, त्यांचं स्पेलिंग आणि आमचा पोस्टकोड सांगून खाली बसली. हे सगळं मला मिसेस हॉकिन्सनी (त्याही त्याच गटातल्या) सांगितलं. हसत हसत.

कोर्टात माझ्या बाजूने उभी होती आमच्या मंडळातल्या सतीशची मुलगी निवेदिता. इथेच जन्मली, हुशार आहे, मराठी हट्टाने बोलते. बाहेरच्या बाकावर बसवून तिने मला तीन-तीनदा बजावलं, “काका, तुम्ही फक्त सॉरी म्हण. माझा चूक झाला म्हण आणि खाली बस. स्टोरी नको सांगू, प्लीज.” मी कबूल केलं. आत गेलो. समोर तीन मॅजिस्ट्रेट, मधल्या बाई मोत्यांची माळ घातलेल्या, चेहरा असा मायाळू की मला मिरजेच्या शाळेतल्या बाईच आठवल्या. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का? आता इतक्या प्रेमाने कुणी विचारल्यावर मी गप्प बसणार! मी अप्पांपासून सुरुवात केली. भिंत, फांदी, आकडी, देवाला हो, सगळं सांगितलं. रंगलं होतं हो! उजवीकडचे गृहस्थ तर टिपून घेत होते. शेवटी बाईंनी विचारलं की हे पुन्हा होणार नाही ना? मी खरं तेच बोललो. म्हटलं, बाई, परवा संकष्टी आहे, तुम्हीच सांगा फुलं कुठून आणू. निवेदिताने डोळे मिटून घेतले. नुसत्या ताकिदीवर सुटणार होतो, तो साठ तासांची बिनपगारी समाजसेवा घेऊन बाहेर पडलो.

बाहेर आलो आणि मला तुमचा पापड आठवला. पाच वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा सगळ्यांचा वरणभात थंड होईपर्यंत तुम्ही तुमच्या धंद्यातली खुबी समजावून सांगितली होती. अमेरिकेत म्हणे एकाच भानगडीबद्दल राज्याचं कोर्ट वेगळी शिक्षा देऊ शकतं आणि संघराज्याचं कोर्ट वेगळी, कारण ती दोन निराळी सरकारं. मग प्रश्न येतो की ह्या दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकीमागून एक. तुम्ही ताटातले दोन पापड घेतलेत. एकावर एक ठेवलेत, ही एकत्र. एकापुढे एक ठेवलेत, तेव्हा दुसरा माझ्या ताटात आला, ही एकीमागून एक. पुढे सांगितलंत की शिक्षा निरनिराळ्या वेळी झाल्या असतील आणि संघराज्याचा न्यायाधीश ‘एकत्र’ असं तोंडाने म्हणाला तर एकत्र. पण तो गप्प बसला तर बहुतेक वेळा एकीमागून एकच धरतात. शिवाय एक पळवाट. संघराज्य असं म्हणू शकतं की हा राज्याच्या ज्या तुरुंगात बसलाय तोच आमचाही तुरुंग समजा, मग तिथे काढलेला दिवस दोन्हीकडे लागू पडतो. इतकं सांगून तुम्ही दोन्ही पापड खाल्लेत. तेव्हा मला जांभई आली होती, ती मागे घेतो. आयुष्यात इतकं उपयोगी पडलेलं ज्ञान मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

कारण माझी केस हुबेहूब तुमच्या पापडांची आहे. राज्य म्हणजे मोत्यांच्या माळेच्या बाई. संघराज्य म्हणजे मंजिरी. राज्याने साठ तास सांगितले, ते मोजून संपतील. संघराज्याने मुदत सांगितलेली नाही, कलम सांगितलेलं नाही, काहीच सांगितलेलं नाही, कारण ते गप्प आहे. आणि न्यायाधीश गप्प असला की काय होतं ते तुम्हीच सांगून ठेवलंत. म्हणजे माझे साठ तास संपतील त्या दिवशी मंजिरीची शिक्षा सुरू होणार. गेले तीन महिने जे चाललंय ते बहुधा नुसतं कच्च्या कैदेत मोडतं.

आता राज्याची शिक्षा कशी चालली आहे ते ऐका. गेल्या वर्षीपासून इथे असल्या कैद्यांना भडक नारिंगी जाकीट घालायला लावतात, पाठीवर हा इसम समाजाची परतफेड करतो आहे अशा अर्थाचं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पहिल्या शनिवारी ते घालून बेलग्रेव्ह रोडवर कचरा उचलत होतो. एका गुजराती आजींनी तो भगवा बघून मला कुठल्यातरी पंथाचा सेवेकरी समजून वाकून नमस्कार केला आणि हातात पेढा ठेवला. मी आशीर्वाद दिला. (दुसरं काय करणार?) आमचा मुकादम डॅरन, दारात मावणार नाही एवढा माणूस, त्याने अर्धा पेढा सरकारजमा केला.

असे काही शनिवार गेले. मग सप्टेंबरात डॅरनने व्हॅन थांबवली ती थेट राउंडअबाउटवर. उरलेला कोल्हा उपटून तिथे वसंतासाठी कंद लावायचे होते, बागवाल्या गटाने कौन्सिलकडे माणसं मागितली होती, आणि गटाच्या वतीने देखरेख करायला फावड्यावर हात टेकून उभी होती मंजिरी. दादा, राज्याच्या तुरुंगात जेलर म्हणून संघराज्य स्वतः हजर! तुमच्या हातून दोन्ही पापड गळून पडले असते. तिने मला जाकिटासकट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तोंड फिरवलं.

“डॅरन,” ती म्हणाली, “कुड यू टेल दॅट जंटलमन, थ्री टाइम्स द हाइट ऑफ द बल्ब.”

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा. डॅरनने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “थ्री टाइम्स, मी डक.” (इथले लोक प्रेमाने एकमेकांना बदक म्हणतात. मॅजिस्ट्रेट तेवढे म्हणत नाहीत.) मग त्याने मला तीन बोटं दाखवली, कारण त्याला वाटलं मला इंग्रजी येत नाही. तासाभराने तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “यू टू मॅरिड?” मी हो म्हटलं. “थॉट सो,” म्हणाला आणि पुढे गेला.

तेव्हापासून दर शनिवारी हे असंच. ती डॅरनला सांगते, डॅरन मला सांगतो. कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर, बूड खाली, दोन कंदांत वितभर अंतर. डॅफोडिल आधी, ट्यूलिप थंडी पडल्यावर. खार उकरून काढू नये म्हणून वर जाळी. मला आता झोपेत विचारलंत तरी सांगेन. आणि दादा, एक गोष्ट सरळच लिहितो. मला वाटायचं मंगळवारी ही चिखलात खेळून येते. तिथे तिला बघितलं. कुठल्या मातीत पाणी साचतं हे ती पायाने दाबून सांगते. आमच्यातले दोन गडी बसथांब्याच्या काचा फोडून आलेले आहेत, ते तिला ‘मिस’ म्हणतात आणि ती दिसली की सिगरेट विझवतात. ही बाई इतकी वर्षं माझ्या घरात राहते आणि मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. माझा शेवटचा शनिवार दिवाळीच्या तोंडावर आहे आणि मागोमाग पाडवा. लग्न झाल्यापासून एक पाडवा असा गेला नाही की मंजिरीने मला ओवाळलं नाही. मला कांजिण्या आल्या होत्या त्या वर्षीसुद्धा तिने खोलीच्या दारात उभं राहून लांबूनच तबक फिरवलं होतं. ह्या वर्षी तिने ओवाळलं नाही तर मला ते सोसायचं नाही. बाकीचं पत्र विनोदाने वाचा, हे एवढं वाक्य वाचू नका. तिचं तोंड तुमच्यासमोरच उघडतं. तेव्हा येत्या रविवारी फोनवर तिला तुमच्या वकिली आवाजात सांगा की राउंडअबाउट हाच तुझाही तुरुंग समज, तिथले तास दोन्ही खात्यांत धर, आणि शिक्षा एकत्र असं तोंडाने म्हण. एक शब्द पुरे आहे. तो तिने माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, तुमच्याशी बोलला तरी मी समोरच्या सोफ्यावर असतोच.

बाकी सर्व ठीक आहे. म्हणजे नाही, पण पत्रात तसंच लिहितात. नंदावहिनींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला, दोन सरकारांत मिळून एक कैदी,
शशिकांत

ता. क. वरचं सगळं पुन्हा वाचलं. वकिली झकास झाली आहे, पण मागणी चुकली. काल डॅरन पाठीवर थाप मारून म्हणाला की पुढच्या शनिवारनंतर तू मोकळा. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. शनिवार गेला की डॅरन गेला, आणि डॅरन गेला की मंजिरी माझ्यासाठी जे चार शब्द बोलते तेही गेले. तेव्हा खरी विनंती अशी: राज्याची शिक्षा वाढवून मिळते का? नसेल तर साधारण तेवढेच तास पडतील असा एखादा किरकोळ, सभ्य गुन्हा सुचवावा. मिसेस हॉकिन्सच्या डेलियाची एक फांदी सध्या बरीचशी बाहेर आलेली आहे. गारठा पडायच्या आत उत्तर यावं.

ता. क. आणखी एक. मंजिरी हल्ली थर्मासमध्ये चहा आणते आणि ‘फॉर द टीम’ म्हणून डॅरनच्या हातात देते. त्या चहात आलं असतं. त्या अख्ख्या टीममध्ये आल्याचा चहा पिणारा मी एकटा आहे. ह्याचा कायद्याने काय अर्थ होतो तेही कळवावं. परदेशी तिकिटं घरात कुठे असतात कोण जाणे, ती शोधून पत्र टाकतो.

ता. क. दादा, मी मंजिरी. अक्षर सुधारलेलं तुझ्या लक्षात आलंच असेल. पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं टाकून हे तिकिटं शोधायला गेले ते बऱ्याच वेळाने माळ्यावर सापडले. तिकिटं माझ्या पर्समध्ये असतात, पहिल्यापासून. पत्रातलं पुष्कळसं खरं आहे. परीक्षक अस्वल म्हणाला नव्हता, डुक्कर म्हणाला होता. आणि पापड दोन नव्हते, तू चार खाल्लेस. मला राग झेंडूचा नाही रे. देवाला गेला, गेला. मी रोज जेवताना सांगत होते, कोल्हा कुठे आहे, शेपटी कशाची आहे, कोणी लावली आहे. रोज सांगत होते. हे समोर बसून मान हलवत होते आणि एक शब्द आत गेला नव्हता. ती फिल्म बघताना मला चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडू आलं, ते मिसेस हॉकिन्सनी ह्यांना सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी ठरवलं, ऐकूच जात नसेल तर बोलायचं कशाला? आज पत्रात वाचलं, तिप्पट खोल, टोक वर, वितभर अंतर, वर जाळी. म्हणजे ऐकू येतं. डॅरनमार्गे येत असेल, पण येतं. तेव्हा तुझ्या पापडांचा निकाल लिहून घे: एकत्र. शनिवारी मात्र पुढेही यायचं, जाकीट न घालता. ट्यूलिप सगळे लावायचे राहिलेत.

अहो, मेतकूट खालच्या फळीवर काढून ठेवलंय. आणि मिसेस हॉकिन्सच्या डेलियाला हात लावलात तर पाडवा विसरा.

ता. क. दादा, वरच्या शेवटच्या दोन ओळी तुम्हाला नाहीत, मला आहेत. त्यामुळे हे पत्र पाठवायचं खरं तर आता काही कारण उरलेलं नाही. पण तिने तिकीट लावून पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, टाकून या. तोंडाने म्हणाली, दादा. तेव्हा टाकायला निघालो आहे.